बीडच्या नद्या आणि समुद्रात जन्मणारा अहीर

गोदावरी बीड जिल्ह्याच्या उत्तर हद्दीवरून वाहते. गेवराई, माजलगाव आणि परळी हे तालुके तिच्या दक्षिण काठावर येतात. पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा जिल्ह्याच्या दक्षिण कडेने पूर्वेला जाते आणि लातूर, बिदर व तेलंगणातून मोठा वळसा घालून कुंडलवाडीजवळ गोदावरीला मिळते. सिंदफणा बिंदुसरेचे पाणी घेऊन मंजरथला गोदावरीत उतरते. पश्चिमेला आष्टी तालुक्याच्या कडेने सीना वाहते. ती भीमेची उपनदी असल्याने तिचे पाणी कृष्णेत जाते. बीडमध्ये पडणाऱ्या पावसाला समुद्र गाठण्याच्या अशा तीन वाटा आहेत: थेट गोदावरीने, मांजरेच्या वळशाने आणि सीना-भीमा-कृष्णेने. तिन्ही बंगालच्या उपसागराला पोचतात आणि तिन्हींची लांबी हजार किलोमीटरांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे.

या वाटांनी पाणी खाली जाते, तसा एक मासा वर येत असे. त्याचे मराठी नाव अहीर, शास्त्रीय नाव ॲंग्विला बेंगालेन्सिस. कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही खोऱ्यांत त्याची नोंद आहे. सापासारखे लांब, बुळबुळीत अंग, पिवळसर तपकिरी कातडीवर गडद ठिपके, पाठीवरून शेपटीला वळसा घालून पोटाखाली येणारा अखंड पर, आणि नीट पाहिल्याशिवाय दिसणार नाहीत इतके बारीक खवले. पूर्ण वाढलेली मादी दीड मीटरपर्यंत जाते. दख्खनच्या नद्यांत सर्रास मिळणारी वाम दिसायला साधारण अशीच असली, तरी तिच्या पाठीवर काट्यांची रांग असते आणि ती आयुष्यभर गोड्या पाण्यात राहते. बाजारात दोघांची सरमिसळ होते. त्यामुळे मासळीच्या सरकारी आकड्यांवरून अहिराचा इतिहास काढता येत नाही. तो नद्यांच्या इतिहासातूनच शोधावा लागतो.

अहिराचा जन्म खोल समुद्रात होतो. अंड्यातून निघणारी पिले चपटी, पारदर्शक, पानाच्या आकाराची असतात आणि प्रवाहाबरोबर महिनोन्‌महिने वाहत राहतात. किनाऱ्याजवळ आल्यावर त्यांचे अंग गोल होते, पण रंग अजून येत नाही. काचेसारखी दिसणारी ही बोटभर पिले नदीमुखांत शिरतात, तिथे त्यांना रंग चढतो आणि पुराच्या पाण्याविरुद्ध त्यांची चढण सुरू होते. ओल्या खडकावरून, भिंतीवरच्या शेवाळावरून ती सरपटत जातात. कातडीतूनही श्वास घेता येत असल्याने ओल्या गवतातून थोडे अंतर कापणेही त्यांना जमते. मग एखाद्या डोहात किंवा खडकाच्या कपारीत ती अनेक वर्षे राहतात. दिवसा लपायचे आणि रात्री मासे, खेकडे, बेडूक खायचे, असा त्यांचा क्रम असतो. वयात आल्यावर अंगाचा रंग रुपेरी होतो, डोळे मोठे होतात, खाणे बंद पडते आणि मोठ्या पुराबरोबर उलटा प्रवास सुरू होतो. समुद्रात एकदाच अंडी घालून मासा मरतो.

या कुळातल्या ज्या जातींचा बारकाईने अभ्यास झाला, त्यांत नर बहुधा नदीमुखाजवळ थांबतात आणि लांबवर चढून जातात त्या मुख्यतः माद्या, असे दिसून आले आहे. वरच्या पात्रातली मादी उशिरा वयात येते, मोठी होते आणि तिच्या पोटात लाखोंनी अंडी असतात. म्हणून दख्खनच्या डोहांतले अहीर संख्येने थोडे असले, तरी समुद्रातल्या पुढच्या पिढीत त्यांचा वाटा संख्येच्या मानाने बराच मोठा असणार.

दख्खनमधल्या अहिराची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांची. १८२४ ते १८३१ या काळात ते मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकी पाहणी करत होते. जमीन, पिके, लोकसंख्या यांच्या जोडीने त्यांनी पक्षी आणि मासेही गोळा केले. माशांवरचा त्यांचा लेख १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेत वाचला गेला आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर छापला गेला. या लेखाची खास गोष्ट अशी, की साइक्स यांनी कोळ्या-भोयांकडून ऐकलेली नावेच शास्त्रीय नावांत घातली. खुडरी, कोळस, पोटील, खर्पा, इचका, शेंगटी, घोगऱ्या ही मराठी नावे त्यामुळे थोड्याफार फरकाने लॅटिन वेशात जगभर गेली. अहिराला मात्र त्यांनी मुंबईचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. पुढे हा मासा जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३१ मध्येच वर्णन केलेल्या बंगालच्या अहिराचीच जात असल्याचे ठरले आणि एल्फिन्स्टन यांचे नाव मागे पडले. साइक्स यांचे नमुने मुख्यतः भीमा आणि तिच्या उपनद्यांमधले होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या पाण्यात मिळालेला अहीर हजार किलोमीटरांहून जास्त चढून आला होता, याचा अंदाज त्या काळी कुणालाच नव्हता. युरोपातसुद्धा अहिराच्या भाऊबंदांचे जन्मस्थान अजून गूढच होते.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे साइक्स यांच्या पाहणीत ते आले नाही. संस्थानातल्या माशांची पद्धतशीर पाहणी शंभर वर्षांनी, १९४० च्या दशकात महमूद आणि रहीमुल्ला यांनी केली आणि ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भागाभागाने प्रसिद्ध झाली.

गोदाकाठच्या गावांत मासेमारी हा भोई समाजाचा व्यवसाय, पण तो कधीच एकटा नव्हता. पालख्या-मेणे वाहणे, पावसाळ्यात नावेने उतारू पैलतीरी नेणे, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळवंटात टरबूज-खरबुजांच्या वाड्या लावणे आणि या सगळ्याच्या फटीत मासे धरणे, असे नदीचे सगळे ऋतू ते वापरत. या उताराला किती महत्त्व होते हे गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनच्या लढाईवरून कळते. १० ऑगस्ट १७६३ रोजी निजामअली सैन्याचा काही भाग घेऊन गोदावरीपार गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी दक्षिण तीरावर अडकला होता. पेशवे माधवराव आणि राघोबादादा यांनी त्याच वेळी हल्ला केला. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पुरामुळे निजामाला पैलतीरावरून पाहत राहण्यापलीकडे काही करता आले नाही. फौजांना अडवणारा श्रावण-भाद्रपदातला हाच पूर माशांची वाट मोकळी करत असे.

मृगाच्या सरींनी ओढे-नाले वाहू लागले, की मासे उथळ पाण्याकडे चढतात. या चढणीच्या माशांवर महाराष्ट्रभर सगळ्या गावाचा डोळा असतो. बांबूच्या कामट्यांचे सापळे, पात्राच्या तोंडाशी लावलेली जाळी, साधी टोपली, हाताला येईल ते घेऊन लोक ओढ्यात उतरतात. हे मासे बहुतेक स्थानिक असतात, जवळच्या डोहातून अंडी घालायला निघालेले. अहिराची चढण वेगळी. त्याची पिले चढतात ती खाण्यासाठी आणि वाढण्यासाठी; अंडी घालायला तो खाली जातो. मोठा अहीर जाळ्यापेक्षा रात्री डोहात सोडलेल्या गळाला लागतो, कारण दिवसा तो कपारीतून बाहेरच येत नाही. भोयांच्या दृष्टीने तो कधीतरी मिळणारा, पण मिळाला तर वजनाने भरपूर भरणारा मासा होता. रोजची चूल त्याच्यावर चालत नसे.

समुद्राकडून येणाऱ्या वाटेत पहिली भिंत उभी राहिली ती गोदावरीच्या मुखाजवळ. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला. त्यानंतर लगेच कृष्णेवर बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, १८५५ मध्ये दुसरा बंधारा पुरा झाला. या दोन कामांनी आंध्रच्या त्रिभुज प्रदेशातला दुष्काळ हटवला आणि कॉटन यांना तिथे आजही देवासारखे मानतात. माशांच्या बाजूने पाहिले, तर पहिला फटका हिलशाला बसला. तोही समुद्रातून येतो, पण अंडी घालायला नदीत चढतो आणि भिंत त्याला ओलांडता येत नाही. गोदावरीत चढलेल्या हिलशाला आंध्रात पुलसा म्हणतात. त्याची मिजास आणि किंमत आजही धवळेश्वरमच्या खालच्या भागातच आहे.

फ्रान्सिस डे यांनी भारत आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या मासेमारीवरचा अहवाल १८७३ मध्ये दिला. माशांसाठी वाट न ठेवता बांधलेले बंधारे मत्स्यसंपत्तीचे नुकसान करतात, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट लिहिले होते. १८९७ मध्ये मासेमारीचा कायदा झाला. पाण्यात सुरुंग लावणे आणि विष कालवणे त्याने गुन्हा ठरले, पण नदीतून माशांना जायला वाट देण्याचे बंधन बांधणाऱ्यांवर आले नाही. कायद्याला मासे धरणारा माणूस दिसला, नदी अडवणारा दिसला नाही. पुढच्या शंभर वर्षांत दख्खनच्या नद्यांत जे झाले, त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

अहिराला मात्र या पहिल्या बंधाऱ्यांनी पुरते थांबवले नसावे. पात्रापासून बारा-चौदा फूट उंच, पावसाळ्यात वरून पाणी सांडणारी, दगडी, ओली आणि शेवाळलेली भिंत अहिराच्या पिलांना चढता येते. जगभर कमी उंचीच्या बंधाऱ्यांवर ती अशीच चढताना दिसली आहेत. उंच धरणांची गोष्ट वेगळी. बीडच्या बाजूने पाहिले तर जिल्ह्याच्या तीन वाटा तीन वेगवेगळ्या वर्षी बंद झाल्या.

पहिली बंद झाली मांजरेची. निजाम सरकारने तेव्हाच्या निजामाबाद जिल्ह्यात १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर बांधला. नवाब अली नवाज जंग हे त्याचे मुख्य अभियंता. धरण बीडपासून फार खाली आहे, पण त्याच्या वर मांजरेचे जे काही पात्र आहे, म्हणजे बिदर, लातूर आणि बीड, ते सगळे समुद्रापासून तुटले. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण पुढे झाले, तेव्हा ही वाट आधीच संपलेली होती. सीनेची वाट बंद झाली ती कृष्णेवरच्या नागार्जुनसागरने. १९५५ मध्ये सुरू झालेले आणि १९६७ मध्ये पुरे झालेले हे धरण सुमारे १२४ मीटर उंच आहे. श्रीशैलमने त्याच्या वर दुसरे कुलूप घातले.

थेट गोदावरीची वाट सर्वांत शेवटी गेली. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. पैठणचे हे धरण बीडच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे खालून येणाऱ्या माशाला गेवराई-माजलगावपर्यंत ते आडवे येत नाही. आडवे आले ते खाली तेलंगणातले पोचमपाडचे श्रीरामसागर. त्याचे काम १९६३ मध्ये सुरू झाले आणि १९७७ च्या सुमारास पुरे झाले. त्या वर्षापासून मराठवाड्याची गोदावरी दोन्ही टोकांनी बांधली गेली: वरून पैठणला पाणी अडले, खालून पोचमपाडला मासा अडला. माजलगावचे सिंदफणेवरचे धरण आणि जायकवाडीचा उजवा कालवा यांनी जिल्ह्याच्या उत्तर भागाचे शेतीचे रूप बदलले, उसाचे क्षेत्र आणि साखर कारखाने वाढले. जे अहीर आधीच वरच्या डोहांत होते, ते तिथेच वाढले आणि वयात आल्यावर पुराबरोबर खाली निघाले असतील. वाट बंद झाल्यावरही काही वर्षे मोठे अहीर मिळत राहतात आणि लहान मिळेनासे होतात, ही अशा नद्यांची ठरलेली खूण आहे. नुकसान दिसू लागते तेव्हा ते होऊन बराच काळ लोटलेला असतो.

धरणांनी भोयांचा धंदा बुडवला नाही, बदलला. वाहत्या नदीतून तो साठलेल्या पाण्यात गेला. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात संप्रेरकाचे टोचण देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले आणि नदीतून बीज गोळा करण्याची गरज संपली. त्यानंतर मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली हे शब्द तलावाकाठच्या प्रत्येक सहकारी संस्थेच्या व्यवहारात आले. तलाव ठेक्याने घ्यायचा, कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडायची, वर्षभराने जाळे टाकायचे. हे मासे मुख्यतः उत्तरेकडच्या नद्यांचे. साइक्स यांच्या यादीतल्या खुडरी, कोळस, पोटील यांची जागा त्यांनी घेतली. पोटभर उत्पन्न देणारी ही व्यवस्था आहे आणि तिला नावे ठेवणे सोपे असले तरी न्याय्य नाही. पण तिच्यात नदीचे नाते बिजाच्या पिशवीशी उरले, समुद्राशी नाही.

मासा कुठल्या पाण्याचा, हा प्रश्न इथे केवळ भावनेचा राहत नाही. मत्स्यव्यवस्थापनाचा सगळा हिशेब साठ्यावर चालतो. एकाच ठिकाणी, एकमेकांतच प्रजनन करणाऱ्या माशांचा जो गट, तो एक साठा. तो कमी झाला तर शेजारचा साठा लगेच भरून काढत नाही. जर्मनीचे फ्रीड्रिश हाइन्के यांनी १८९८ मध्ये हेरिंगचे मणके-खवले मोजून दाखवले, की उत्तर समुद्रात या माशाचे वेगवेगळे वंश आहेत. नॉर्वेचे योहान योर्ट यांनी १९१४ मध्ये मासेमारीतले चढउतार एखाद्या वर्षाच्या पिढीच्या जगण्या-मरण्यावर ठरतात हे मांडले. पुढे प्रथिनांच्या आणि नंतर डीएनएच्या तपासणीने मोजमापाची जागा घेतली.

साठे न ओळखता मासे हलवले तर काय होते याचे उदाहरण महाराष्ट्राशीच जोडलेले आहे. साइक्स यांच्या खुडरीची, म्हणजे निळ्या परांच्या महासीरची, पैदास लोणावळ्याजवळ वलवणला टाटा पॉवरच्या केंद्रात यशस्वी झाली. महाराष्ट्रातल्या घटत्या माशासाठी ती मोठी कामगिरी होती. पण या माशाची पिले कावेरीतही सोडली गेली आणि तिथे ती इतकी फोफावली, की कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महासीर मागे हटत गेला. तो आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि त्याला शास्त्रीय नाव कोणते लावायचे हे २०१८ मध्ये ठरेपर्यंत तो जवळपास नाहीसा झाला होता. महासीरची प्रत्येक नदी वेगळी असते, तिचा साठा वेगळा असतो. एका नदीचे बीज दुसरीत टाकणे म्हणजे भर घालणे नव्हे.

अहिराच्या कुळात याच्या नेमके उलट निघाले. डेन्मार्कचे योहानेस श्मिट १९०४ पासून अटलांटिकमध्ये अहिराची पानासारखी पिले गोळा करत फिरत होते. जिथे पिले सर्वांत लहान, तिथे जन्मस्थान, या साध्या तर्काने १९२२ पर्यंत त्यांनी ते सारगासो समुद्रात असल्याचे दाखवले. १९२८ ते १९३० या काळात त्यांचे ‘डाना’ जहाज पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा हिंदी महासागरातलीही पिले जमा झाली. त्यांवर पोल येस्पर्सन यांनी १९४२ मध्ये लिहिले आणि सुमात्राच्या पश्चिमेच्या खोल पाण्याकडे बोट दाखवले. जपानच्या अहिराची अंडी मारियाना बेटांच्या पश्चिमेला २००९ मध्ये प्रत्यक्ष हाती लागली. हिंदी महासागरात तसे अजून झालेले नाही. येस्पर्सन यांनी दाखवलेली दिशा हाच मुख्य आधार आहे.

सगळे एका जागी जन्मत असतील, तर नदीनदीचे वेगळे वंश असायला नकोत. १९८६ मध्ये जॉन अव्हाइस यांनी अमेरिकेच्या सुमारे चार हजार किलोमीटर किनाऱ्यावरच्या अहिरांचा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए तपासला. मेन ते लुइझियाना, कुठेच फरक सापडला नाही. मग २००१ मध्ये वर्थ आणि बर्नाचे यांनी युरोपच्या अहिरात उत्तर-दक्षिण अंतरानुसार बारीक फरक असल्याचे लिहिले आणि खळबळ उडाली, कारण खरे असेल तर प्रत्येक देशाला ‘आपला’ साठा सांगता आला असता. २००५ मध्ये डॅनेविट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की तो फरक जागेचा नसून काळाचा आहे: वेगवेगळ्या वर्षी आलेल्या पिढ्यांचे नमुने तुलनेत मिसळले होते. २०११ मध्ये सारगासो समुद्रातल्या पिलांचीच युरोपभरच्या अहिरांशी तुलना झाली आणि सगळा युरोपीय अहीर एकच साठा आहे यावर बहुतेकांचे एकमत झाले. या वादातून मिळालेला धडा तपासणीच्या पद्धतीचाही आहे. एकाच वर्षाचे नमुने घेऊन काढलेली सीमारेषा पुढच्या वर्षी नाहीशी होऊ शकते. उलट, ठिपक्यांच्या मोठ्या अहिरात, म्हणजे ॲंग्विला मार्मोराटात, पॅसिफिक आणि हिंदी महासागरात निरनिराळे साठे निघाले. म्हणजे संपूर्ण कुळासाठी एकच उत्तर नाही. समुद्राच्या प्रवाहांनी जेवढे पाणी जोडले तेवढा साठा एक.

बंगालच्या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांना हे लावून पाहिले, तर त्याचा अर्थ सरळ आहे. गोदावरीचा अहीर, कृष्णेचा अहीर, कावेरीचा अहीर असे वेगळे वंश धरून चालणे या कुळाच्या जीवनक्रमाला धरून नाही. धवळेश्वरमला चढणारे पिलू मांजरेच्या मादीचे, श्रीलंकेच्या किंवा म्यानमारच्या नदीतल्या मादीचे, कुणाचेही असू शकते. आईच्या नदीत परत येणे हे सामनचे वागणे, अहिराचे नाही. म्हणून निजामसागरने मांजरेचा ‘वंश’ संपवला नाही, कारण तसा वंशच नव्हता. त्याने एक कुरण बंद केले. आणि खाली वाट मोकळी झाली, तर त्या कुरणात पुन्हा मासा यायला बाहेरून बीज आणावे लागणार नाही; समुद्रात पिले असतील तोवर ती येतील. अहीर नसलेल्या धरणात दुसरीकडची पिले टाकून तो परत आल्याचे सांगता येणार नाही, कारण वयात आल्यावर त्याला खाली जायला वाट नसेल, तर प्रजननाच्या हिशेबात तो मेलेलाच. टर्बाइनमधून जाणारा लांब मासा सहसा वाचत नाही.

दुसरी एक गोष्ट या हिशेबात धरावी लागते. जपानच्या कात्सुमी त्सुकामोतो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अहिरांच्या कानातल्या खड्यांमधले स्ट्रॉन्शियमचे प्रमाण मोजले. समुद्राच्या पाण्यात हे मूलद्रव्य जास्त असते, त्यामुळे मासा कुठे राहिला याची नोंद खड्यात थराथराने उमटते. काही अहीर नदीत कधी शिरलेच नव्हते, असे त्यात दिसले. साठा जगवायला असे समुद्रातले अहीरही हातभार लावतात. म्हणून वरच्या नद्या बंद होऊनही जात लगेच संपत नाही. आणि म्हणूनच, किनाऱ्यावर अहीर मिळतो म्हणून दख्खनमध्ये सगळे ठीक आहे असे म्हणता येत नाही.

युरोपने या ज्ञानाचे नियमात रूपांतर केले. १९८० नंतर नद्यांत शिरणाऱ्या काचेरी पिलांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली होती. २००७ च्या नियमाने प्रत्येक देशाने खोरेनिहाय योजना करायची आणि माणसाचा हस्तक्षेप नसता तर जितके रुपेरी अहीर समुद्रात गेले असते, त्याच्या निदान ४० टक्के जातील अशी व्यवस्था करायची, असे ठरले. साठा एक, पण जबाबदारी खोऱ्याखोऱ्याची. त्याच सुमारास हा मासा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्‌स कराराच्या यादीत आला. भारतीय अहीर आंतरराष्ट्रीय लाल यादीत निकट-संकटग्रस्त आहे, पण त्याच्यासाठी असा खोरेनिहाय हिशेब मांडलेला नाही.

इथे कायद्याची चौकटच त्याला बसत नाही. भारतीय संविधानात मत्स्यव्यवसाय राज्यांच्या सूचीत २१ व्या क्रमांकावर आहे आणि प्रादेशिक सागराच्या, म्हणजे १२ सागरी मैलांच्या, पलीकडची मासेमारी केंद्राच्या सूचीत ५७ व्या क्रमांकावर. महाराष्ट्रात गोड्या पाण्यासाठी एक अधिनियम आणि समुद्रासाठी १९८१ चा दुसरा. गोदावरीतला अहीर आयुष्यात महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र, केंद्र सरकार आणि कुणाच्याही हद्दीत नसलेला महासागर, इतक्या ठिकाणी राहतो. हिंदी महासागरात टूनांसाठी १९९६ पासून आंतरराष्ट्रीय आयोग आहे. अहीर त्याच्या कक्षेत येत नाही.

नदीवरचे वाद मात्र पाण्याच्या हिश्शावर आधीच सुटत आले आहेत, आणि त्यांतला एक निकाल अहिराच्या वेळापत्रकाशी जुळतो. पैठणच्या खाली बीड, जालना, परभणी आणि नांदेडच्या पट्ट्यात महाराष्ट्राने गोदावरीवर उच्च पातळीचे बंधारे बांधले. त्यांतला सर्वांत खालचा, नांदेड जिल्ह्यातला बाभळीचा बंधारा, श्रीरामसागरच्या फुगवट्यात येत असल्याने आंध्र प्रदेशाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायालयाने बंधाऱ्याला मान्यता दिली, पण दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात त्याचे दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, अशा अटी घातल्या. अहीर ज्या महिन्यांत पुरातून वर चढतो आणि ज्या महिन्यांत मोठा अहीर खाली निघतो, ते नेमके हेच महिने. ही तारीख दोन राज्यांच्या पाण्यासाठी ठरली, माशासाठी नाही. वरच्या बंधाऱ्यांनाही असेच पावसाळी वेळापत्रक लावले, तर मराठवाड्याच्या पट्ट्यातली गोदावरी त्या चार महिन्यांपुरती अखंड होऊ शकेल. पण त्या पट्ट्याच्या खाली श्रीरामसागर आहे, आणि तेलंगणात त्याच्याही खाली येल्लमपल्लीचे धरण आणि २०१९ मध्ये वापरात आलेला मेडीगड्डाचा बंधारा.